वीजबिलासाठी घेऊ नका, धुळीसाठी घ्या: शिरोलीच्या फौंड्रीतलं ॲनालॉग एआय कार्ड

वीज वाचेल म्हणून हे कार्ड घेणार असाल, तर निदान फौंड्रीवाल्यांनी तरी घेऊ नका. धुळीसाठी घ्या. ज्यांना एवढंच ऐकायचं होतं त्यांनी इथं थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू काय ते. संगणकाच्या बोर्डवरच्या एम डॉट टू नावाच्या स्लॉटमध्ये बसणारं, बोटभर लांबीचं कार्ड आहे. त्यावरची चिप न्यूरल नेटवर्कचं (नमुन्यांवरून ओळखायला शिकलेल्या एआय मॉडेलचं) गणित फ्लॅश मेमरीच्या आतच, ॲनालॉग पद्धतीनं, म्हणजे ०-१ च्या आकड्यांऐवजी कमीजास्त प्रवाहानं करते. चाचणीच्या काळात कंपनीचं आणि मॉडेलचं नाव जाहीर करायचं नाही अशी वितरकाच्या करारात अट आहे, त्यामुळं नाव विचारू नका. माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. पूर्वी नुसतं पॅनेल वायरिंग करायचो, आता कॅमेरा तपासणीची कामंही घेतो. हे कार्ड बसवलं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात), शॉट ब्लास्टिंगनंतरच्या (बारीक छरे मारून पीस साफ केल्यानंतरच्या) रोलर कन्व्हेयरवर. तिथून बिडाचे ब्रेक ड्रम जातात. कार्डाला काम एकच: ब्लो होल (वायूमुळं पडलेलं भोक), सँड इन्क्लूजन (अडकलेली वाळू) किंवा कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) दिसला की लाल दिवा लावायचा. पीस बाजूला काढायचा का नाही, हा निर्णय आजही तपासणीच्या टेबलावरच्या मावशींचाच आहे.

फौंड्रीच्या मालकांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बिल किती कमी येतंय ते सांग आधी." मी डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला हिशोब करून दाखवला. आधी तिथं ग्राफिक्स कार्डवाला औद्योगिक पीसी होता, तो काम करताना ६० वॉटच्या आसपास खायचा. आता कार्ड, छोटा प्रोसेसर बोर्ड आणि कॅमेरा मिळून १२ वॉटच्या आसपास जातात. (कॅमेऱ्याचा रिंग लाइट यात धरलेला नाही, तो एकटाच या सगळ्यांपेक्षा जास्त खातो.) फरक ४८ वॉटचा. रात्रंदिवस, एकही सुट्टी न घेता वर्षभर चालवलं तर ४२० युनिटं वाचतील. इंडक्शन फर्नेसला एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिटं लागतात. म्हणजे वर्षाची बचत एका टनाच्या हीटलासुद्धा (एका वेळच्या वितळणीलासुद्धा) पुरत नाही. आण्णा म्हणाले, "मग हे आणलंस कशाला?"

त्याचं उत्तर जुना पीसी उघडून दाखवलं. ६० वॉटची उष्णता पंख्याशिवाय बाहेर जात नाही, आणि पंखा आला की हवा आत येणार. फौंड्रीत हवा म्हणजे काय ते तिथं काम केलेल्यांना सांगायला नको. ग्रीन सँडमधलं (साच्याच्या ओल्या वाळूतलं) बेंटोनाइट, कोल डस्ट आणि शॉट ब्लास्टिंगच्या बाजूला तर लोखंडाची बारीक भुकटी. ही भुकटी विजेची वाहक आहे, मदरबोर्डवर बसली की कुठं शॉर्ट होईल सांगता येत नाही. जाळीला फिल्टर लावला की हवा अडते आणि पीसी तापून मंद होतो, फिल्टर काढला की काळा थर आत. मेंटेनन्सचा पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचा, त्यानं धूळ आणखी खोल जायची. उन्हाळ्यात पीसी बंद पडला की लाइन पुन्हा नुसत्या डोळ्यांवर.

१२ वॉटला पंखा लागत नाही. ॲल्युमिनियमचा फिन असलेला बंद डबा केला, चिपची पाठ थर्मल पॅड लावून डब्याच्या भिंतीला टेकवली, झाकणाला गॅस्केट, केबलींना ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारे). आत हवा जायला वाटच नाही. पावसाळ्याआधी बसवलेला डबा दिवाळीनंतर उघडला तेव्हा आतलं बोर्ड पुसायचीसुद्धा गरज नव्हती. माझ्या लेखी या कार्डाची किंमत इथंच वसूल झाली. कमी वॉटचं कौतुक बिलावर मोजणारे लोक डेटा सेंटरमधले. आपल्याकडं ते पंख्याची गरज संपली, यावर मोजायचं.

आता वॉट कमी कसे झाले ते. साध्या संगणकात गणित करणारा भाग एकीकडं आणि मेमरी दुसरीकडं. न्यूरल नेटवर्कनं शिकलेले आकडे, ज्यांना वेट्स म्हणतात, ते लाखोंनी असतात आणि प्रत्येक फोटोसाठी पुन्हा पुन्हा मेमरीतून ओढून आणावे लागतात. वीज खरी जाते ती या ने-आणीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये चिप बनवायच्या ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानाचे आकडे मांडले होते, या धंद्यातले लोक अजून तेच पुढं करतात: ३२ बिटांचा एक गुणाकार सुमारे ३ पिकोज्यूलमध्ये (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख-कोटीवा भाग) होतो, आणि तेवढाच आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून, म्हणजे डीरॅममधून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात. दोनशेपट.

ॲनालॉग चिप ही ने-आणच बंद करते. प्रत्येक वेट फ्लॅशच्या सेलमध्ये विद्युतभार म्हणून कायमचं बसलेलं असतं. भार जसा कमीजास्त, तशी त्या सेलची वाहकता कमीजास्त. इनपुट व्होल्टेजच्या रूपात दिलं की प्रत्येक सेलमधून व्होल्टेज गुणिले वाहकता एवढा प्रवाह निघतो, हा शाळेतला ओहमचा नियम. एका तारेला जोडलेल्या सगळ्या सेलचे प्रवाह आपोआप एकत्र येतात, तो किरचॉफचा. गुणाकार झाला, बेरीज झाली आणि वेट जागचं हललं नाही. ऋण वेटसाठी सेलची जोडी करून दोघांतला फरक घेतात. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची मोळी न मोळी तोलत नाहीत, ट्रॉली चढवली की एकदम वजन येतं, तसं हे आहे. आणि शेतकऱ्याच्या मनात काटामारीची जी शंका असते ती इथंही ठेवायची.

इथला काटा म्हणजे एडीसी, तारेवर जमलेल्या प्रवाहाचा पुन्हा डिजिटल आकडा करणारं सर्किट. चिपवरच्या जागेचा आणि विजेचा मोठा हिस्सा हीच सर्किटं गिळतात, आणि एकेक बिट जास्त अचूकता मागितली की त्यांची भूक झपाट्यानं वाढते. त्यामुळं नुसत्या सेलच्या पातळीवरचे आकडे कुणी दाखवायला लागला तर त्याला एडीसी धरून, मेमरी कंट्रोलर धरून, अख्ख्या कार्डाचा आकडा विचारा.

तो आकडा विचारला की चित्र जरा जमिनीवर येतं. जाहीर आकडे असलेलं उदाहरण म्हणून मिथिक कंपनीची एम१०७६ चिप घ्या. फ्लॅशवर चालणारी, जुन्या ४० नॅनोमीटर तंत्रावर बनलेली, गणित करणारे ७६ तुकडे (टाइल), ८ कोटींपर्यंत वेट्स चिपवरच, वेग २५ टॉप्सपर्यंत आणि वीज साधारण ३ ते ४ वॉट. (एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं.) तिच्या शेजारी पूर्ण डिजिटल असलेली हायलो-८ ठेवा: २६ टॉप्स, साधारण अडीच वॉट. म्हणजे डिजिटलवाले काही झोपलेले नाहीत. वेट्स गणिताच्या जवळ ठेवायचे हा धडा त्यांनीही घेतलाय. "शंभरपट कमी वीज" असं ब्रोशरमध्ये वाचलं तर ते कुठल्यातरी बोजड ग्राफिक्स कार्डाशी केलेली तुलना असते, हे लक्षात ठेवा. माझ्या टेबलावरच्या कार्डाची वीजही अशाच तीन-चार वॉटांत येते. बाकीचे वॉट प्रोसेसर बोर्ड आणि कॅमेऱ्याचे.

आता जिथं त्रास झाला ते.

तपासणीच्या मावशी एके दिवशी म्हणाल्या, "दुपारचं ह्याचं डोकं फिरतंय बघा सायेब. चांगल्या पीसला बी लाल लावतंय." मी लॉग काढून बघितला तर मावशींचं बरोबर. सकाळच्या पाळीत खोटे रिजेक्ट कमी, जेवणाच्या सुट्टीनंतर वाढत जायचे, रात्री परत खाली. उन्हाळा होता, शेडमध्ये चाळिशीच्या वर आणि डब्याच्या आत साठी ओलांडलेली. फ्लॅश सेलमधून जाणारा प्रवाह तापमानावर हलतो. चिपमध्ये तो सावरायला संदर्भासाठी वेगळे सेल असतात, पण कंपनीनं ठरवलेली दुरुस्ती एसी ऑफिसातल्या चढउताराला पुरते. वितळलेलं लोखंड लेडलमधून शेजारून गेलं की डब्याची एक बाजू किती तापते, हे त्यांच्या हिशोबात नसावं. डिजिटल चिप तापली की मंद होते, पण गणित चुकत नाही. ही तापली की वेग तोच राहतो आणि उत्तर सरकतं. तपासणीच्या कामात दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो दिसत नाही.

वितरकाच्या तंत्रज्ञानं फोनवर तोडगा दिला: तापमान पाच अंशांनी हललं की कार्ड स्वतःला पुन्हा कॅलिब्रेट करेल (आकडे परत जुळवून घेईल) अशी सेटिंग. ती मॅन्युअलमध्ये होती, पण मुळात बंद ठेवलेली. चालू केल्यावर दुपारचा राग बऱ्यापैकी गेला. कॅलिब्रेशन चालतं तेवढे काही सेकंद लाइन आंधळी असते, म्हणून कन्व्हेयरच्या सेन्सरला जोडून दोन पीसच्या मधल्या वेळेत ते बसवलं. डबाही फर्नेसच्या बाजूकडून हलवून भिंतीच्या बाजूला नेला आणि मध्ये पत्रा लावला. साधा पत्रा, पण फरक पडला.

दुसरी अडचण क्वालिटीच्या मॅडमनी काढली, आणि ती मला या सगळ्या चाचणीतली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. तोच ड्रम, तोच प्रकाश, कॅमेऱ्याचा साठवलेला तोच फोटो, तरी दोनदा चालवला तर स्कोअर किंचित वेगळा येतो. ०.८१, मग ०.८०, मग ०.८२. ॲनालॉग आहे, नॉइज (आकड्यातली बारीक गडबड) असणारच. सॉफ्टवेअरवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो हबकला, त्याच्या जगात एका इनपुटला एकच आउटपुट. मॅडम अजिबात हबकल्या नाहीत. म्हणाल्या, "मग हे गेज आहे. गेज आर अँड आर करून टाकू." ब्रेक ड्रम घेणाऱ्या कंपन्यांचा ऑडिटर येतो तेव्हा व्हर्नियरपासून बोअर गेजपर्यंत प्रत्येक मोजमापाचा असा, म्हणजे पुन्हा मोजलं किंवा मोजणारा बदलला तर आकडा किती हलतो याचा, अभ्यास मागतो, तोच अभ्यास कार्डाचा केला. चांगले, खराब आणि मधलेच असे ड्रम निवडून पुन्हा पुन्हा समोर ठेवले. काठावरचे सोडले तर निकाल फिरत नाही, हे कागदावर आलं. काठावरच्या स्कोअरला लाल किंवा हिरवा न देता पिवळा दिवा लावायचा आणि पीस मावशींकडं द्यायचा, असं ठरलं. आज ते कार्ड फौंड्रीच्या कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये नंबर लावून नोंदलेलं आहे, व्हर्नियरच्या खालच्या ओळीत. एआय म्हणून विकत घेणाऱ्यांनी नाही, पण मोजमापाचं उपकरण म्हणून बघणाऱ्यांनी हे सहज पचवलं.

नेटवर्क शिकवतानाही हा नॉइज धरावा लागतो. नेहमीच्या पद्धतीनं शिकवलेलं नेटवर्क जसंच्या तसं कार्डावर चढवलं की अचूकता घसरते. शिकवतानाच वेट्समध्ये मुद्दाम थोडी गडबड मिसळायची, म्हणजे नेटवर्क गडबडीतही टिकायला शिकतं. कंपनीचं कंपाइलर, म्हणजे नेटवर्क कार्डावर चढवण्यायोग्य करणारं सॉफ्टवेअर, हे करतं, पण थोडं आडमुठं आहे. त्याच्या यादीत नसलेला लेअर (नेटवर्कचा थर) दिसला की सरळ नकार देतं आणि एरर मेसेज कुणाच्या आजोबालाही कळणार नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना कार्ड न घेता हा प्रकार शिकायचा असेल तर आयबीएमचं ॲनालॉग हार्डवेअरचं सिम्युलेशन करणारं किट मोफत आहे, पायटॉर्च या एआय सॉफ्टवेअरवर चालतं. आयबीएम स्वतः फ्लॅशऐवजी फेज चेंज मेमरीवर (पदार्थाची अवस्था बदलून आकडा धरणाऱ्या मेमरीवर) काम करते. २०२३ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलेल्या चिपवर साडेतीन कोटी असे सेल होते आणि वॉटमागे १२.४ टॉप्सपर्यंत मजल होती. तिथं वेगळं दुखणं: सेलचा रोध वेळेबरोबर आपोआप सरकत जातो. प्रत्येक मेमरीचं आपापलं पथ्य.

आणि हे सगळं परदेशातच चाललंय असं कुणी समजू नये. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेनं २०२४ मध्ये रेणूंवर आधारलेलं, १४ बिटांचं, म्हणजे १६,००० पेक्षा जास्त पातळ्या धरणारं मेमरिस्टर (आकडा रोधाच्या रूपात लक्षात ठेवणारा भाग) 'नेचर'मध्येच मांडलं. आपल्या शिवाजी विद्यापीठातही नॅनोसायन्सवाले मेमरिस्टरवर कितीतरी वर्षं काम करतायत. राजारामपुरीतून विद्यापीठाकडं जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. फर्नेस लोडवर आला की आमच्या लाइनवर व्होल्टेज डुलतं, कधी पूर्ण ट्रिप होतं. जुना पीसी उठायला, मॉडेल मेमरीत भरायला आणि तयार व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायचा. इथं वेट्स फ्लॅशमध्येच असल्यानं लाइट गेली तरी जागेवर असतात. बोर्ड उठलं की कार्ड लगेच कामाला.

याचीच उलट बाजू म्हणजे वेट्स बदलणं जड आहे. ॲनालॉग सेलमध्ये आकडा लिहायचा म्हणजे थोडा भार घालायचा, वाचून बघायचं, परत थोडा घालायचा, अशी पायरीपायरीनं नेमकी पातळी गाठावी लागते. अख्खं नेटवर्क चढवायला चांगली काही मिनिटं जातात, आणि फ्लॅश कितीदा पुसून लिहायची यालाही मर्यादा असते. रोज तोच ब्रेक ड्रम येणाऱ्या लाइनला याचं काही नाही. पण उद्यमनगरातल्या जॉबिंग फौंड्रीत सकाळी पंपाची केसिंग, दुपारी मोटरची बॉडी आणि संध्याकाळी कुणाच्यातरी गिरणीचा पार्ट ओततात. तिथं दर वेळी मॉडेल बदलत बसलात तर कार्डाचा आणि तुमचाही जीव जाईल. दोन-तीन पार्टची मॉडेलं एकाच वेळी बसवता येतात, पण चिपवर जागा आहे तोवरच. बाहेरच्या मेमरीतून वेट्स आणायला लागलात तर ज्यासाठी हे घेतलं तेच गेलं.

पाचपैकी गुण द्यायचे तर बंद डब्यासाठी पाच, कंपाइलरसाठी दोन, सपोर्टसाठी चार (माणूस फोन उचलतो, आणि त्याला फौंड्री म्हणजे काय ते आता कळलंय). एकूण साडेतीन. एकच पार्ट, मोठी संख्या, धूळ, ट्रिप होणारी लाइट आणि गेज आर अँड आर समजणारी क्वालिटीची माणसं असतील तर घ्या. यातलं शेवटचं नसेल तर आधी ते आणा. तापमानाची भीती असेल तर कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) बेरीज करणाऱ्या चिपांकडं लक्ष ठेवा. एनचार्ज एआयनं २०२५ मध्ये जाहीर केलेलं ईएन१०० त्यातलं आहे, ८.२५ वॉटमध्ये २०० टॉप्स असा दावा आहे. कपॅसिटरचं मूल्य धातूच्या पट्ट्यांच्या आकारावर आणि अंतरावर ठरतं, त्यामुळं उष्णतेत ते कमी हलायला हवं. हातात आलं की लिहीन.

आण्णांनी आता दुसऱ्या लाइनलाही असाच डबा मागितलाय. त्या लाइनवर दर आठवड्याला पॅटर्न, म्हणजे ओतायचा पार्टच, बदलतो. त्यांना सांगितलं, डबा हाच देतो, गॅस्केट-ग्लँड सगळं हेच, पण आत डिजिटल कार्ड घालतो. अडीच-तीन वॉटचं मिळतं, त्यालाही पंखा लागत नाही. "मग पहिल्याला बी तेच का नाही घातलंस?" असं त्यांनी विचारलं. पहिल्या लाइनवर लाइट गेल्यावर लगेच उठणं आणि एकच पार्ट, यासाठी ॲनालॉग ठीक बसतं हे पटलं त्यांना, पण अर्धवट. सध्या दोन्ही डबे शेजारी ठेवून तेच ड्रम दोघांपुढून पाठवतोय, आणि पिवळ्या दिव्याचे पीस मावशी वेगळ्या क्रेटमध्ये टाकतायत.